धुळे ते डुमस: पावसातल्या रस्त्याचे फोटो

साक्री सोडलं की कोंडाईबारी घाटाच्या 20 मिनिटं आधीच एसी बंद करून खिडक्या उघडा. थंड गाडीतला कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. पुसली तरी परत येते.

पावसाच्या रेघा हव्यात तर शटर 1/60 सेकंद, थेंब गोठवायचे तर 1/500. मागे गडद झाडी हवीच, पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसतच नाही. ओल्या पानांची चकाकी पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) कापतो, पण एक-दोन स्टॉप उजेडही खातो (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवा. छत्री धरायला सोबती घ्या, सेल्फीवाला नको.

सुरतजवळच्या डुमस किनाऱ्याची वाळू काळी, म्हणून कॅमेरा फोटो उगाच उजळवतो: एक्स्पोजर -0.7 ठेवा, म्हणजे फोटो थोडा गडद येईल. खारं पाणी उडालं तर कोरडं फडकं घासू नका, मिठाचे कण काच ओरबाडतात. आधी ओल्या फडक्यानं टिपा.