गोव्यात आर्ट गॅलरीच्या एज्युकेशन टीममध्ये इंटर्नशिप करायचीय?

आधी पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा आणि पणजीत आल्तिनो टेकडीवरचं सुनापरान्त कलाकेंद्र नुसतं प्रेक्षक म्हणून बघून या, कार्यक्रमाला कोण येतं, मुलं कुठे कंटाळतात ते टिपा आणि मगच मेल टाका. "मला कलेची खूप आवड आहे" एवढ्यावर भागत नाही हो, सोबत पाचवीच्या मुलांसाठी अर्ध्या तासाचा प्लॅन जोडा. उदाहरणार्थ आपली कावी कला घ्या, पांढऱ्या चुन्यावर तांबड्या गिलाव्याचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून नक्षी काढायची. पण हे लगेच सांगायचं नाही! दोन मिनिटं मुलांना ती नक्षी गप्प बघू द्या, मग विचारा काय दिसतंय, आणि कोणी काही बोललं की लगेच "कशावरून वाटलं?", कोणी कोकणीत बोलेल कोणी मराठीत, अजिबात अडवू नका, माझ्या मते सगळं काम इथेच आहे.

बाकी खुर्च्या मांडणं, नावनोंदणी, शाळांना फोन हे आलंच. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. डिसेंबरमध्ये पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिवल हा कला महोत्सव असतो, तेव्हा गर्दी सांभाळायचा चांगला सराव होतो. स्टायपेंड, वेळ आणि सर्टिफिकेटचं मात्र सुरू करायच्या आधीच लेखी विचारून घ्या.