फॅलेनॉप्सिसची कुंडी बदलताना

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला माती नको. ते निसर्गात झाडाच्या सालीला धरून वाढतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, बागेच्या मातीत ती गुदमरून सडतात.

मिश्रण सोपं आहे: पाइनच्या सालीचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे तीन भाग, लाकडी कोळसा एक भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे एक भाग. सोडण दोन दिवस भिजवा आणि पाणी तीनदा तरी बदला, नाहीतर त्यातला क्षार मुळांची टोकं जाळतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत सोडण वगळलंत तरी चालेल. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाची, भुकटी मात्र कुठेच नको.

फुलं गळली आणि मुळांना हिरवी टोकं फुटली, की कुंडी बदला. आधी अर्धा तास मुळं भिजवा, म्हणजे ती लवचिक होतात. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या बुंध्यात बहुधा मॉसचा (शेवाळाचा) घट्ट गोळा दडलेला असतो. वरून कोरडा, आत चिंब. तो चिमट्याने पूर्ण काढा. मूळ दाबून बघा: टणक असेल तर ठेवा, पिचपिचीत किंवा पोकळ असेल तर स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा.

नवी कुंडी मुळांपुरतीच, शक्यतो पारदर्शक, भोकांची. मोठी कुंडी लवकर सुकत नाही. पानांचा बुंधा मिश्रणाच्या वरच राहू द्या. रोप हलत असेल तर काडीला बांधा, डुलणाऱ्या रोपाची कोवळी मुळं घासून मोडतात.

चार दिवस पाणी नाही. पुढे मुळं रुपेरी दिसली की घाला, हिरवी असतील तर थांबा.