उद्यमबाग ते म्युनिक: जर्मनीत पेटंट आणि ट्रेडमार्क घेताना, टिकवताना

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांतून जर्मनीला हायड्रॉलिक सिलिंडर, व्हॉल्व्हचे भाग, मशिनिंग केलेली कास्टिंग जातात. गिऱ्हाईक पक्कं झालं, डिझाइनमध्ये स्वतःची काही सुधारणा केली, की तिथे पेटंट घ्यावं असं वाटू लागतं. विचार रास्त आहे. मात्र पहिला कागद म्युनिकच्या जर्मन पेटंट कार्यालयाला जात नाही, चेन्नईला जातो.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्याला परदेशात थेट पेटंट अर्ज करता येत नाही. आधी भारतात अर्ज करायचा आणि सहा आठवडे थांबायचं. तेवढ्यात गुप्ततेचा आदेश निघाला नाही तर बाहेरचा रस्ता मोकळा. किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी त्याची ऑनलाइन फी १६०० रुपये, इतरांसाठी ८००० रुपये. परवानगीचा निकाल साधारण २१ दिवसांत द्यावा असा नियम आहे. हे टाळलं तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो, मिळालेलं पेटंट रद्द होऊ शकतं आणि दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे.

यात आपल्याकडचे लोक हमखास फसतात ते असे: जर्मन खरेदीदार म्हणतो, 'अर्ज आम्हीच करतो, तुमच्या इंजिनिअरचं नाव संशोधकांत घालतो.' खर्च वाचला म्हणून इकडे सगळे खूश. पण तो इंजिनिअर टिळकवाडीत राहत असेल तर परवानगी लागतेच, अर्ज कोणाच्याही नावावर असो. खरेदीदाराला हे ठाऊक नसतं, म्हणून तुम्हीच सांगायचं.

चेन्नई का, तर पेटंट आणि ट्रेडमार्क दोन्हींसाठी कर्नाटक चेन्नई कार्यालयाच्या हद्दीत येतं. तोच मालक शिनोळीतल्या युनिटच्या पत्त्यावर अर्ज करत असेल तर हद्द मुंबईची, कारण चंदगड तालुका महाराष्ट्रात. सीमेच्या दोन्ही बाजूंना शेड असणाऱ्यांनी कुठला पत्ता आणि कुठल्या फर्मचं नाव वापरायचं हे पहिल्या दिवशीच ठरवावं. भारतातला अर्ज वडिलांच्या प्रोप्रायटरी फर्मच्या नावाने आणि जर्मनीतला नव्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने गेला, तर भारतातल्या अर्जाची तारीख जर्मनीत धरून घ्यायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो हक्क नव्या कंपनीला दिल्याचा सही-तारखेचा करार जर्मन अर्जाच्या आधी झालेला हवा. मागाहून कागद जुळवायला गेलात तर विरोधी पक्षाचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

तारखेचं गणित सोपं आहे. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून पेटंट-ट्रेडमार्कच्या पॅरिस कराराचा आणि पीसीटीचा, म्हणजे अनेक देशांसाठी एकच पेटंट अर्ज करायच्या कराराचा, सदस्य आहे. भारतातल्या पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत जर्मनीत अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते. ट्रेडमार्कला ही सवलत फक्त ६ महिने. पीसीटीमधून गेलात तर जर्मनीत शिरायला पहिल्या तारखेपासून ३१ महिने मिळतात. गिऱ्हाईक एकट्या जर्मनीत असेल तर सरळ जर्मन पेटंट कार्यालयात, म्हणजे डीपीएमएकडे जावं. तीन-चार देशांत विक्री असेल तरच युरोपियन पेटंट कार्यालयाचा खर्च परवडतो.

त्याआधी एक गोष्ट सांभाळा. जर्मन पेटंटला नवेपणा पूर्ण लागतो. प्रदर्शनात स्टॉलवर ठेवलेला नमुना, कॅटलॉगमधलं कट-सेक्शन, गुप्ततेचा करार न करता व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं ड्रॉइंग, एक जरी विक्री, यातल्या कशानेही नवेपणा जातो. भारतातल्या प्रदर्शनातलं उघड होणंही तितकंच मोजलं जातं. कोटेशनसोबत पूर्ण ड्रॉइंग पाठवायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते.

नवेपणा आधीच गेला असेल, पण सहा महिने झाले नसतील, तर जर्मनीत एक वाट उरते: गेब्राउख्समुस्टर. हे छोटं पेटंट समजा. भारतात असा कायदाच नाही, म्हणून आपल्या लोकांच्या हे कानावर येत नाही. नवेपणाची तपासणी न होताच नोंद होते. अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत तुम्ही स्वतः केलेलं प्रकाशन माफ असतं. ऑनलाइन अर्जाची फी ३० युरो. पहिली तीन वर्षं त्यातच धरलेली असतात, पुढे ४ ते ६ वर्षांसाठी २१० युरो, ७ व ८ साठी ३५०, ९ व १० साठी ५३०. दहा वर्षांनंतर हक्क संपतो. पद्धतीला किंवा प्रक्रियेला हे मिळत नाही, वस्तूलाच मिळतं. सीलची जागा बदललेला सिलिंडर चालेल, ओतकामाची नवी रीत चालणार नाही. तपासणीविना मिळतं म्हणून कमकुवत, असा समज आहे. तो अर्धाच खरा: भांडण उभं राहिलं की त्याची कसून तपासणी होते, पण ते नीट लिहिलेलं असेल तर टिकतं. पाच-सात वर्षांत मॉडेल बदलणाऱ्या भागांसाठी आमच्या मते पूर्ण पेटंटपेक्षा हेच शहाणपणाचं. परवानगीचा नियम याला लागू नाही असं कोणी सांगितलं तरी फॉर्म २५ भरूनच पुढे जावं.

पूर्ण पेटंटचा ऑनलाइन अर्ज दहा क्लेमपर्यंत (क्लेम म्हणजे नेमका कशावर हक्क सांगतो ते कलम) ४० युरो, त्यापुढे प्रत्येक क्लेमला २० युरो जास्त. अर्ज इंग्रजीत करता येतो, पण जर्मन भाषांतर १२ महिन्यांत द्यावं लागतं, आणि आधीची तारीख धरली असेल तर त्या तारखेपासून १५ महिन्यांच्या आत. तपासणी आपोआप होत नाही. ती मागावी लागते, सात वर्षांच्या आत, ३५० युरो भरून. सात वर्षं थांबता येतं म्हणून थांबू नका. तपासणी लांबली की दावा ठोकायला हातात काहीच नसतं. जर्मनीत पत्ता नसलेल्याला तिथला पेटंट वकील किंवा वकील प्रतिनिधी म्हणून नेमावा लागतो. त्याची फी सरकारी फीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून आधी लेखी अंदाज मागा आणि भाषांतर त्यात धरलंय का ते विचारा. क्लेमची संख्या इकडेच कमी करून पाठवली तर भाषांतर आणि फी दोन्ही वाचतात.

टिकवणं हा खरा अवघड भाग. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी. तिसऱ्या वर्षाला ७० युरो, विसाव्या वर्षी २००० युरोंच्या वर. भारतात पेटंट मंजूर होईपर्यंत वार्षिक फी भरावी लागत नाही; मंजुरीनंतर मागचीही एकदम भरता येते. म्हणून बरेचजण जर्मनीचंही तसंच समजतात. तिथे अर्ज नुसता पडून असला तरी फी चालू असते, आणि ती चुकली की अर्ज मरतो.

एक उदाहरण घेऊ. जर्मनीतला अर्ज १४ मार्च २०२६ चा. तिसऱ्या वर्षाची फी ३१ मार्च २०२८ ला देय होते. दंडाशिवाय ३१ मे २०२८ पर्यंत भरता येते, ५० युरो दंडासह ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत. त्यानंतर हक्क गेला. इथे तारीख जर्मन अर्जाची धरायची, भारतातल्या पहिल्या अर्जाची नव्हे. परवाना द्यायची तयारी लेखी जाहीर केली तर वार्षिक फी निम्मी होते, पण मग वाजवी मोबदला देणाऱ्या कोणालाही परवाना नाकारता येत नाही. स्वतःच माल विकणाऱ्याने ही सवलत घेताना विचार करावा.

पैसे पाठवण्यात वेगळीच अडचण. बँकेने रक्कम सोडल्याचा दिवस धरत नाहीत, डीपीएमएच्या खात्यात जमा झाल्याचा दिवस धरतात. मधली बँक आपलं कमिशन कापून घेते आणि तिकडे ७० ऐवजी पन्नासच युरो पोहोचतात. अर्धवट फी म्हणजे न भरलेली फी. म्हणून बँकेच्या फॉर्मवर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, म्हणजे 'अवर' हा पर्याय निवडा, संदर्भात फाइल क्रमांक आणि फी कशाची ते लिहा, आणि मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी पाठवा. वार्षिक फी कोणीही भरू शकतं. त्यासाठी वकीलच लागतो असं नाही. जर्मनीतल्या गिऱ्हाइकावर किंवा एजंटावर विश्वास असेल तर त्याच्याकडून भरून घ्या, मात्र पावती मागा आणि डीपीएमएरजिस्टर या मोफत संकेतस्थळावर स्वतः खात्री करा.

आता ट्रेडमार्क. तीन वर्गांपर्यंत (वर्ग म्हणजे माल किंवा सेवेचा प्रकार) ऑनलाइन फी २९० युरो, पुढच्या प्रत्येक वर्गाला १००. हायड्रॉलिक सिलिंडर आणि पंप वर्ग ७, धातूचे साधे कास्टिंग वर्ग ६, गाडीचे भाग वर्ग १२, दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे ओतकाम करून देणं वर्ग ४०. निपाणीहून तंबाखू पाठवणाऱ्याला वर्ग ३४, बेळगावहून मिठाई पाठवणाऱ्याला वर्ग ३०. 'कुंदा' हा पदार्थाचाच शब्द, त्यामुळे एकट्या त्याच्यावर हक्क सांगायच्या भानगडीत पडू नका. आपलं खास नाव पुढे जोडा. फी अर्जानंतर तीन महिन्यांत भरली नाही तर अर्ज मागे घेतल्यासारखा होतो. नाव देवनागरीत असेल तर लिप्यंतर आणि जर्मन भाषांतर सोबत द्यावं, आणि रोमन अक्षरांतल्या नावाचा अर्ज वेगळा करावा, कारण तिथला माणूस तेच वाचतो.

डीपीएमए तुमचं नाव वर्णनात्मक आहे का ते पाहते. आधीच्या कोणाच्या मार्कशी मिळतंजुळतं आहे का ते पाहत नाही. ते तुम्ही पाहायचं, डीपीएमएरजिस्टर आणि टीएमव्ह्यू या मार्क शोधायच्या संकेतस्थळांवर, उच्चाराने जवळची नावंही घालून. आपल्याकडे विरोधाची मुदत नोंदणीच्या आधी असते. जर्मनीत नोंदणी जाहीर झाल्यावर तीन महिने आधीच्या मार्कचा किंवा हक्काचा मालक विरोध करू शकतो. म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की लगेच पाच हजार खोकी छापू नयेत.

मुदत अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं. नूतनीकरण तीन वर्गांसाठी ७५० युरो, पुढच्या प्रत्येक वर्गाला २६०. मुदत संपल्यावर सहा महिने दंडासह सवड असते. म्हणजे न लागणारा चौथा वर्ग आज १०० युरोंत स्वस्त वाटतो, दहा वर्षांनी तो महाग पडतो.

माद्रिद पद्धतीत भारत ८ जुलै २०१३ ला सामील झाला. भारतातूनच एक अर्ज करून अनेक देश निवडता येतात. शुल्क स्विस फ्रँकमध्ये: काळ्या-पांढऱ्या मार्कला मूळ फी ६५३, रंगीत असेल तर ९०३, वर देशांची फी निराळी. पण पहिली पाच वर्षं सगळं भारतातल्या मूळ मार्कवर टांगलेलं असतं. इथे तो कोणाच्या विरोधाने पडला तर तिकडचाही पडतो. भारतातल्या अर्जावर आक्षेप आलेला असेल तर जर्मनीत थेट अर्जच करावा.

वापराचा नियम बेळगावकरांना सगळ्यात जास्त भोवतो. विरोधाची मुदत संपल्यापासून पाच वर्षं मार्क खरोखर वापरला नाही तर कोणीही तो रद्द करायला लावू शकतं. आपल्या फौंड्र्यांतला बराच माल गिऱ्हाइकाच्या नावाने जातो. पॅटर्नवर त्याचा लोगो, खोक्यावर त्याचं लेबल. मग तुमचा मार्क जर्मनीत वापरला गेला असं दाखवणार कशाने? कंपनीचं नाव इनव्हॉइसच्या मथळ्यावर असणं पुरत नाही. मार्क मालावर, पॅकिंगवर किंवा त्या मालाच्या जर्मन भाषेतल्या कॅटलॉगवर दिसायला हवा, आणि नोंदवला त्याच रूपात. दरवर्षी काही इनव्हॉइस, पॅकिंगचे तारखेसह फोटो आणि कॅटलॉगची प्रत एका फाइलीत ठेवा. गिऱ्हाईक मान्य करत असेल तर कास्टिंगच्या न दिसणाऱ्या बाजूलाही तुमचा छोटा ठसा उठवून घ्या.

नोंदणी झाली की महिन्याभरात जर्मन गरुडासारखी चित्रं छापलेली बिलं येऊ लागतात: 'रजिस्टरात प्रकाशन', रक्कम बरीच मोठी. ही खाजगी कंपन्यांची असतात, भरायची गरज नाही. डीपीएमएचं खातं बुंडेसकासे हाले या नावाने असतं आणि त्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'डीई'ने सुरू होतो. तुमच्या हिशेबनिसालाही हे सांगून ठेवा, नाहीतर बिल दिसलं की तो भरून मोकळा होतो.