मोठ्या नावाचा ग्रँड पियानो: पैसे द्यायच्या आधी टेप काढा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर प्रभादेवीच्या एका डॉक्टरबाईंचा फोन आला. मुलगी सातव्या ग्रेडची परीक्षा पास झाली होती, एफडी मोडायचं ठरलं होतं, आणि एका फार मोठ्या नावाचा बेबी ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा छोटा पियानो, शोरूममध्ये बघूनही झाला होता. "काका, तुम्ही फक्त एकदा बघा आणि हो म्हणा." मी म्हटलं, "पियानो कुठे पळून जात नाही. आधी तुमचा हॉल दाखवा."

सत्तावीस वर्षं मी मुंबईत पियानो ट्यून करतोय. मुगभाटातला मुलगा, धोबीतलावच्या एका गोवेकर अंकलच्या हाताखाली शिकलो. पहिलं वर्ष नुसतं धूळ पुसण्यात आणि स्क्रू वेगळे करण्यात गेलं. त्यामुळे "एवढे पैसे घालावेत का?" या प्रश्नाचं माझं उत्तर वादकाचं नाही, पियानोच्या पोटात हात घालणाऱ्याचं आहे.

नावाचे पैसे कुठे जातात

आधी नावाची बाजू मांडतो, कारण ते नाव फुकट मिळालेलं नाही. स्टाइनवे कंपनी १८५३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली, १८८० पासून हॅम्बुर्गलाही कारखाना आहे. पियानोची ती बाहेरची वळणदार चौकट असते ना, रिम, ती तिथे हार्ड मेपलच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, सगळ्या मिळून एकाच दमात साच्याभोवती वाकवतात. मग आठवडेच्या आठवडे मुरत ठेवतात, लोणच्यासारखी. बोझेनडॉर्फर व्हिएन्नाची, १८२८ ची. तिच्या २९० सेंटीमीटरच्या इम्पीरियल मॉडेलला बोटांनी दाबायच्या पट्ट्या ८८ ऐवजी ९७ असतात. इटलीची फाझिओली त्या मानाने कालची पोर, १९८१ ची, पण तिनंही दबदबा कमावलाय. या वाद्यांमध्ये लाकूड निवडण्यात आणि तारांवर आपटणाऱ्या हॅमरच्या फेल्टला सुया टोचून आवाज मऊ करण्यात माणसांचे तासन् तास जातात. किमतीतला मोठा वाटा त्या तासांचा.

हा फरक जोरात वाजवून कळत नाही. शोरूममध्ये लोक बसतात आणि धडाधड वाजवतात, मग सगळेच पियानो छान वाटतात. तुम्ही उलटं करा. उजव्या हाताकडची, मधल्या सप्तकाच्या बरीच वरची एक पट्टी अगदी हळू दाबा, दाबूनच धरा आणि मनात आकडे मोजा. सामान्य वाद्यात तिथला सूर लवकर कोरडा पडतो. चांगल्या वाद्यात तो तरंगत राहतो, विझतानाही गोडवा सोडत नाही.

दुसरी परीक्षा हाताची. एक पट्टी तळापर्यंत दाबा, अर्धीच वर येऊ द्या आणि पुन्हा दाबा. ग्रँडमध्ये सूर पुन्हा उमटतो, साध्या अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, बहुतेक वेळा नाही. एरार नावाच्या कारागिरानं १८२१ मध्ये शोधलेल्या यंत्रणेची ही करामत. तुमच्या मुलीला ग्रँड हवाय याचं खरं कारण हे आहे, हॉलमधला फोटो नव्हे. आणि ही यंत्रणा मधल्या किमतीच्या जपानी ग्रँडमध्येही असते.

झाकणावरचं नाव वाचून झालं की विचारा, बनला कुठे? बॉस्टन नावाचे पियानो स्टाइनवेच्या डिझाइनचे, पण ते बांधते जपानची कावाई कंपनी. वाद्य उत्तम, फक्त पाहुण्यांना "स्टाइनवे आहे" सांगू नका. उलट बोझेनडॉर्फर २००८ पासून यामाहाच्या मालकीची, तरी बनते ऑस्ट्रियातच. आणि कित्येक जुनी युरोपियन नावं विकली गेलीत, आज ती भलत्याच कारखान्यांच्या पियानोवर झळकतात.

लांबी, लांबी आणि मग नाव

इथे मी जरा हट्टी आहे. मोठ्या सभागृहात दिसतो तो स्टाइनवेचा मॉडेल डी, २७४ सेंटीमीटर लांब आणि वजन ४८० किलोच्या आसपास. त्याच घराचा सर्वांत छोटा मॉडेल एस १५५ सेंटीमीटरचा. नाव तेच, पण हा काही डीचं पिल्लू नव्हे. खर्जाची तार आखूड केली तर तोच सूर मिळवायला ती जाड आणि जड करावी लागते. जाड तार ताठ होते, तिचे वरचे सूर किंचित चढे निघतात आणि डावीकडचा आवाज गढूळ होतो. १५५ च्या जागेत जगातला कुठलाही कारागीर या नियमातून सुटत नाही, फार तर त्रास कमी करतो.

म्हणून माझा सरळ हिशोब असा. १७० सेंटीमीटरच्या खालचा मोठ्या नावाचा ग्रँड घेण्यापेक्षा तेवढ्या किंवा कमी पैशांत मध्यम नावाचा १८० च्या वरचा घ्या. यामाहाचा सी-थ्री-एक्स १८६ सेंटीमीटर लांब, १४९ रुंद आणि ३२० किलोचा, म्हणजे बऱ्याच हॉलमध्ये मावणारा. जागाच नसेल तर १३१ सेंटीमीटर उंचीचा अपराइट यू-थ्री आखूड ग्रँडच्या खर्जाला मान खाली घालायला लावतो. नावावरच मन बसलं असेल तर स्टाइनवेच्या मॉडेल बी पर्यंत जा, २११ सेंटीमीटर. तिथून पुढे नावाचे पैसे कानाला खरोखर ऐकू येतात. मात्र नवा बी लाख डॉलरच्या वरचा मामला आहे, आणि आपल्याकडे वर कस्टम ड्यूटी, जीएसटी, जहाजभाडं.

डॉक्टरबाईंच्या मुलीला मी शोरूममध्ये पाठमोरी उभी केली. आईनं पसंत केलेला छोटा आणि शेजारचा लांब, कमी नावाचा, दोन्हींवर खर्जातल्या त्याच चार ओळी वाजवल्या. मग क्रम उलटा करून पुन्हा. दोन्ही वेळा पोरीनं लांबवाल्याकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, "पण काका, याच्यावर ते नाव नाही हो." हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं हे मला आवडलं. बाकीचे मनात ठेवतात. तुम्हीही ही परीक्षा घ्या, त्यात काही खर्च नाही.

जुलै महिना

शोरूममध्ये कुणी सांगणार नाही अशी गोष्ट आता. पियानोच्या पोटात साउंडबोर्ड असतो, आवाज मोठा करणारी स्प्रूस लाकडाची फळी, बोटापेक्षाही पातळ आणि मध्यभागी किंचित फुगीर. त्याच्यावर सव्वादोनशेच्या वर तारा. सगळा ताण मिळून अठरा-वीस टनांच्या घरात जातो. तो ओतीव लोखंडी फ्रेम पेलते, पण तारा पुलावरून, म्हणजे बोर्डावर बसवलेल्या लाकडी कडेवरून, बोर्डाला खाली दाबत असतातच. मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते. बोर्ड पाणी पितो, फुगवटा वाढतो, मधल्या सप्तकातले सूर चढतात. मग कुणीतरी घरी येतं, एसी लावतं, चार तासांत आर्द्रता ५५ वर. रात्री एसी बंद, पुन्हा ८५. वाद्य दमट हवेनं जेवढं मरत नाही तेवढं या वर-खालीनं मरतं.

पियानोला ४५ ते ५० टक्के मानवतं. मुंबईत बारा महिने ५५-६० वर स्थिर ठेवलंत तरी मी हात जोडीन. जुन्या अपराइटमध्ये आम्ही तळाशी झिरोचा बल्ब लावून ठेवायचो. ग्रँडला तो उपाय पुरत नाही. खोलीला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, लावायचा, पावसाळाभर चालू ठेवायचा, आणि घरात कुणीतरी रोज पाण्याची टाकी ओतायची. तेव्हा पैसे द्यायच्या आधी आर्द्रता मोजणारा काही शे रुपयांचा हायग्रोमीटर घ्या. पियानो ठेवायचा त्याच कोपऱ्यात टांगा आणि एक अख्खा पावसाळा सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. दोन आकड्यांत रोज वीस-पंचवीसचा फरक पडत असेल तर आधी खोली सुधारा.

बाकी शत्रू घरगुतीच. फेल्ट म्हणजे लोकरच, तिला कसर लागते. पट्ट्यांखाली उंदरांनी संसार थाटलेला मी दोनदा पाहिलाय. समुद्राकडची खिडकी असेल तर तारा गंजतात. आणि पहिल्या वर्षी चार वेळा ट्यूनिंग धराच. हॅमर टोचून आवाज घडवणारे हात इथे फार थोडे आहेत. मोठ्या वाद्याचं मोठेपण टिकवायला तो माणूस शहरात आहे का, हे विक्रेत्याला विचारा, आणि नाव घेऊन विचारा.

जुना मिळतोय म्हणून

सेकंड हँडला टॉर्च आणि शिवणाचा दोरा न्या. ग्रँडखाली उताणे झोपा. साउंडबोर्डाखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांपैकी सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना दोरा ताणून धरा. मध्ये फट दिसली तर फुगवटा शिल्लक आहे. दोरा सपाट चिकटला तर जपून. मग वरून हॅमर बघा, तारांच्या खाचा किती खोल आहेत. लोखंडी फ्रेमवरच्या सीरियल नंबरवरून साल निघतं.

न्यूयॉर्कचा १९६२ ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा स्टाइनवे असेल तर ॲक्शनमध्ये, म्हणजे पट्टीपासून हॅमरपर्यंतच्या यंत्रणेत, सांध्यांना टेफ्लॉनचे बुशिंग (अस्तर) असण्याची शक्यता आहे. लाकूड ओलाव्यानं फुगतं, टेफ्लॉन फुगत नाही, आणि मग सांधे खटखटतात किंवा आवळतात. आपल्या हवेत ते दुखणं नकोच, बदललेत का ते विचारा. हस्तिदंती पट्ट्यांचा पियानो परदेशातून आणायच्या भानगडीत तर पडूच नका. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे.

"गुंतवणूक आहे" असं कुणी म्हणालं तर सोनं घ्या. इथे असा पियानो विकायला काढलात तर गिऱ्हाईक शोधण्यात वर्ष जाऊ शकतं.

डॉक्टरबाईंनी अजून काहीच घेतलेलं नाही. हायग्रोमीटर मात्र घेतला, पोरगी वहीत आकडे लिहिते. काल तिनं फोटो पाठवला: सकाळी ८६, संध्याकाळी ५९. मी लिहिलं, "बाबांना सांग, डीह्युमिडिफायर आधी."