धर्मामुळे छळ झालेल्यांसाठी तातडीची मदत : अर्ज कुठे अडतो, या चुका टाळा

पुण्यात शिकायला आलेल्या इराणी किंवा अफगाण मुलांशी ज्यांची ओळख आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. रात्री अकराला फोन येतो. तिकडे काकांच्या दुकानाला सील लागलंय, भावाला उचलून नेलंय, आणि परदेशातली एक संस्था तातडीची मदत देते म्हणे, तर तुम्ही जरा अर्ज लिहून द्याल का? असे अर्ज मी लिहून दिलेत, त्यातले काही बिघडवलेतही. हे लिहितोय ते बिघडवलेल्या अर्जांच्या जोरावर.

गाऱ्हाणं लिहिलं, घटना राहिली

माझा पहिला अर्ज तीन पानांचा होता. 1979 च्या क्रांतीनंतर इराणमधल्या बहाई या अल्पसंख्य धर्माच्या लोकांचं काय झालं, जून 1983 मध्ये शिराझला दहा बहाई स्त्रियांना एकाच रात्री फाशी कशी दिली, बहाई मुलांना विद्यापीठाची दारं कशी बंद आहेत, सगळं सविस्तर. सगळं खरंही. अर्ज नामंजूर झाला. ज्या माणसासाठी लिहिला, त्याच्यावर त्या महिन्यात काय ओढवलं होतं, ते तिसऱ्या पानाच्या तळाशी दोन ओळींत उरकलं होतं.

अर्ज वाचणाऱ्याला इतिहास तुमच्याआमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. त्याला हवे असतात गेले काही आठवडे: कोणत्या तारखेला काय झालं, कुणी केलं, ते धर्मामुळेच केलं असं का वाटतं, आणि पैसे मिळाले नाहीत तर पुढच्या महिन्यात काय होईल. यातला ‘का’ बहुतेक अर्जांत गळतो, कारण अर्जदाराला तो सांगण्याची गरजच वाटत नाही. ‘दुकानाला सील ठोकलं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ‘बहाई सणाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी सील लागलं’ असं लिहिलं की सांधा दिसतो.

कारणं गुंतलेली असतील, तर तीही तशीच सांगा. पाकिस्तानात धर्मनिंदेच्या तक्रारीमागे जमिनीचा किंवा धंद्याचा वाद निघणं काही नवलाचं नाही. तिथल्या दंडसंहितेच्या कलम 295-सी खाली धर्मनिंदेला मृत्युदंडाची शिक्षा आहे, त्यामुळे आरोप कसा का झालेला असेना, जमाव जमायला तो पुरतो. भांडण जागेचं होतं, पण तक्रार धर्मनिंदेची झाली आणि म्हणून घर सोडावं लागलं, असं सरळ लिहावं. लपवलेलं भांडण पडताळणीत बाहेर आलं की अर्जातल्या खऱ्या गोष्टीही संशयास्पद ठरतात.

तारखांचा घोळ

ही चूक हास्यास्पद वाटेल, पण हिनं माझे दोन आठवडे खाल्ले. इराणी कागदावर सौर हिजरी तारीख असते. वर्ष 20-21 मार्चच्या सुमारास बदलतं, त्यामुळे 1402 चा ‘देय’ महिना डिसेंबर 2023 मध्ये सुरू होतो आणि जानेवारी 2024 मध्ये संपतो. घाईत वर्षाचा हिशेब एकानं चुकला की अटक आधी आणि समन्स नंतर असं दिसतं. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा. नावाचं स्पेलिंगही पासपोर्टवर आहे तेच, सगळीकडे.

चुकीचं दार ठोठावणं

डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स संस्था 7,500 युरोपर्यंत संरक्षण अनुदान देते. युरोपीय महासंघाच्या पाठबळावरची प्रोटेक्टडिफेंडर्स ही यंत्रणा तातडीची मदत 10,000 युरोपर्यंत देते. आकडे बघून सगळे तिकडे धावतात. पण ही दारं मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांची आहेत. धर्मनिंदेचे खटले लढवणारा वकील तिथे बसतो. प्रार्थनेला गेला म्हणून मार खाल्लेला गवंडी बहुधा बसत नाही, त्याचा छळ कितीही खरा असला तरी. संयुक्त राष्ट्रांचा छळपीडितांसाठीचा निधी 1981 पासून आहे, पण तो पीडितांना सावरणाऱ्या संस्थांना अनुदान देतो. पीडितानं त्या संस्थेकडे जायचं असतं. आणि अर्जदार नास्तिक असेल तर ‘धर्म’ हा शब्द बघून मागे फिरू नये. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या अठराव्या कलमात श्रद्धा आणि विचार दोन्ही येतात. ह्यूमनिस्ट्स इंटरनॅशनल ही संस्था तर धोक्यातल्या नास्तिकांना मदत करते.

आणखी एक, कुणी फॉरवर्ड केलेली जुनी यादी वापरू नका. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत रोखली, तेव्हापासून तिच्या पैशावर चालणारे कितीतरी निधी थांबले किंवा आटले. अर्ज लिहायला बसण्याआधी ‘सध्या अर्ज घेता का’ एवढं एका ओळीत विचारा.

‘पोलिसांचा कागद नाही, मग जाऊ दे’

जिथे पोलीसच छळतात तिथे पोलिसांचा कागद कुठून येणार? हे निधी देणाऱ्यांनाही कळतं. दवाखान्याची चिठ्ठी, जखमांचे फोटो, धमकीचा मेसेज, घरमालकानं खोली सोडायला सांगितल्याची नोंद, समाजातल्या जबाबदार माणसाचं पत्र, यातलं जे असेल ते चालतं. घटना माहीत असलेल्या दोन माणसांची नावं मात्र लागतातच, आणि त्यांना आधी विचारलेलं असावं. एका अर्जात दिलेल्या माणसाला फोन गेला तेव्हा तो घाबरून म्हणाला, मी या कुटुंबाला ओळखत नाही. झालं.

फोटो पाठवताना त्यातली जागेची नोंद काढून टाका, नाहीतर लपलेल्या घराचा पत्ता फोटोबरोबरच जातो. सायबर कॅफे नको, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा, मेसेज आपोआप पुसले जातील असं लावा. नाव-फोटो टाकून लोकवर्गणीची पोस्ट फिरवायचा मोह आवरा. माणूस अजून त्याच शहरात असेल, तर ती पोस्ट त्याला शोधणाऱ्यांच्याच उपयोगी पडते.

मागायचे किती?

मर्यादा दहा हजारांची म्हणून दहा हजार मागणारा अर्ज पहिल्या नजरेत ओळखू येतो. तीन महिन्यांचं भाडं, वकिलाची फी, औषधं, बसचं तिकीट असं रकमेसकट लिहा. दुसरीकडेही अर्ज केला असेल तर सांगून टाका. या संस्था एकमेकींना विचारतात. कुणी अर्ज मंजूर करून देतो म्हणून पैसे मागितले, तर तो ठग. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयातली नोंदणीसुद्धा फुकट असते.

मंजूर झालं, पण पैसे पोचेनात

इराणमधल्या बहुतेक बँका निर्बंधांमुळे आंतरराष्ट्रीय व्यवहारांपासून तुटलेल्या आहेत. पैसे कसे घेणार हे अर्जातच लिहायला हवं. इथे आपली मराठी मदतवृत्ती आडवी येते: ‘आमच्या ट्रस्टच्या खात्यावर मागवू, पुढे पाठवू.’ असं करू नका. परदेशी देणगीच्या कायद्याखाली ट्रस्टची नोंदणी लागते, 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच यावी लागते, आणि ती दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. स्वतःच्या बचत खात्यावर घेणं म्हणजे तर पीडिताबरोबर स्वतःही अडकणं. संस्थेला विचारा. वकिलाची फी थेट वकिलाला किंवा भाडं थेट घरमालकाला देता येतं का, हे बहुतेकदा तीच सुचवते.

छळ भारतातच झाला असेल, तर परदेशी निधीच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली पीडिताला भरपाई मागता येते, आरोपी सापडला नसला तरी. ठाणेप्रमुखाच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर तातडीच्या उपचारांचा आदेशही मिळू शकतो. जातीय हिंसाचारातल्या मृत्यूसाठी किंवा मोठ्या अपंगत्वासाठी केंद्राची 2008 पासूनची वेगळी योजना आहे. तिची रक्कम 2016 मध्ये 3 लाखांवरून 5 लाख झाली. ही दोन्ही नावं मी ज्यांना सांगितली, त्यांतल्या बहुतेकांनी ती त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली होती, एका वकिलासकट.

नकार आला तर कारण विचारा. माझा तो तीन पानी अर्ज पुढे एका पानाचा झाला, आणि दुसऱ्या संस्थेनं अकराव्या दिवशी उत्तर दिलं. भाडं तेवढं मंजूर, वकिलाची फी नाही. पावत्या मागवल्या होत्या. त्या अजून पाठवायच्या आहेत.