दारव्ह्यात राहून समुद्री कासवांचा माग

समुद्र बघायला आमच्याकडून रात्रभराचा प्रवास. त्यामुळे सागरी जीवांचं काम कोकणातल्या पोरांचं, असं इथल्या बीएस्सीच्या वर्गात धरूनच चालतात. घरी विषय काढला तर आजी म्हणे, "कासवाच्या मागं फिराचा पगार भेटते का रे बाप्पा?" भेटते. बेताचाच, तोही प्रकल्प चालू असेपर्यंत.

पण किनाऱ्यावरचं काम त्यात थोडंच असतं. जानेवारी 2022 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला. तो चिकटवायचं काम काही तासांचं. पुढचं सगळं संगणकावर.

टॅग पाण्याखाली गप्प असतो. कासव श्वासाला वर आलं की सिग्नल जातो आणि आर्गोस यंत्रणेचे उपग्रह डॉप्लर परिणामावरून, म्हणजे उपग्रह जवळ येताना-लांब जाताना सिग्नलची वारंवारता बदलते त्यावरून, जागा काढतात. प्रत्येक नोंदीला दर्जा असतो: 3 म्हणजे चूक 250 मीटरच्या आत, 0 म्हणजे दीड किलोमीटरच्या वर, आणि ए, बी या दर्जांना चूक किती असेल याचा अंदाजच देत नाहीत. कासव लगेच बुडी मारतं, म्हणून ए-बीचाच भरणा जास्त. मग एक ठिपका गुहागरसमोर, तर पुढचा थेट कराडच्या उसात! अशा वेळी दोन नोंदींमधलं अंतर भागिले वेळ करून बघायचं. ताशी पाच किलोमीटरच्या वर गेलं की संशय घ्या. पण ए-बी सरसकट उडवू नका, नाहीतर माग म्हणून उरणार काय?

साध्या धातूच्या बिल्ल्यालाही कमी लेखू नका. ओडिशात 2021 ला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, हा समज त्यानं हलला. कासव कुठल्या महिन्यात कुणाच्या हद्दीत असतं हे कळल्याशिवाय मासेमारीची बंदी कुठे आणि कधी घालायची, हे देश आपसात ठरवणार कशाच्या जोरावर?

नकाशांसाठीचं क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठीचं आर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, मूव्हबँक या प्राण्यांच्या मागांच्या संकेतस्थळावर खुला डेटाही मिळतो. आपल्याकडे ताडोब्यात 2024 मध्ये सोडलेल्या गिधाडांनाही जीपीएस टॅग लावले होते. यंत्र वेगळं, पण नोंदी निवडायची नजर तीच लागते. एमएस्सी मात्र कराच, प्रकल्पाच्या जाहिरातींत बहुतेकदा तीच अट असते.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर स्वतः साफ केलेला एक माग छापून न्या. माझ्या मुलाखतीत निम्मा वेळ त्यावरच गेला: हा ठिपका का काढला, तो का ठेवला.