रक्तवाहिन्यांचा आजार असताना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रेडिएशन: घ्यायची काळजी

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान बहुधा साठी-सत्तरीत होते, आणि त्या वयात अनेकांच्या फायलीत अँजिओप्लास्टी, बायपास, मधुमेह किंवा पायाच्या रोहिणीतील अडथळा यांपैकी काहीतरी आधीपासून नोंदलेले असते. अशा रुग्णाला रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात ते, देताच येत नाही असे मुळीच नाही. उलट ज्याच्या हृदयाला मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्याला अनेकदा हाच मार्ग सुचवला जातो. मात्र रेडिएशनचा उशिरा दिसणारा त्रास हा मुळात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचाच त्रास असतो, म्हणून अशा रुग्णाची तयारी थोडी वेगळी असावी लागते.

प्रोस्टेटच्या मागे अगदी लागून गुदाशय असतो आणि वर मूत्राशय. किरण कितीही नेमके सोडले, तरी गुदाशयाची पुढची भिंत आणि मूत्राशयाचा तळ यांना काही मात्रा मिळतेच. उपचार चालू असतानाची जळजळ, वारंवार लघवी किंवा पातळ शौच हे सहसा काही आठवड्यांत ओसरते. नंतरचा त्रास निराळा आहे: बारीक रोहिण्यांचे आतले अस्तर हळूहळू जाड होते, त्यांची पोकळी अरुंद होते, भिंतीला प्राणवायू कमी पडतो आणि त्याची भरपाई म्हणून पातळ, सहज फुटणाऱ्या नव्या वाहिन्या उगवतात. याला सहा महिने लागतात, कधी कित्येक वर्षे. मधुमेहाने किंवा तंबाखूने ज्याच्या रोहिण्या आधीच खराब झाल्या आहेत, त्याच्या शरीरात ही झीज भरून काढण्याची ताकद कमी असते. तंबाखू, मिश्री आणि विडी रेडिएशन सुरू होण्याआधी सोडावी असे मी आग्रहाने लिहितो, ते यासाठीच.

पहिल्या भेटीला जाताना केवळ बायोप्सीचा आणि एमआरआयचा अहवाल नेऊन भागत नाही. हृदयाची फाइल सोबत असावी. स्टेंट कोणत्या महिन्यात बसवला, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, पेसमेकर आहे का, पोटात किंवा जांघेत कृत्रिम रक्तनळी बसवली आहे का, महाधमनीला फुगवटा आहे का, हे एका कागदावर लिहून न्यावे. थोडे चालल्यावर पोटऱ्या भरून येऊन थांबावे लागत असेल, किंवा पायाची जखम महिनोन्महिने भरत नसेल, तर कोणी विचारले नाही तरी सांगावे. स्क्लेरोडर्मा आणि ल्युपस यांचाही उल्लेख करावा. सांध्यांचा किंवा त्वचेचा आजार समजून तो राहून जातो, पण त्यांत लहान रक्तवाहिन्याही बिघडतात आणि आजार सक्रिय असेल तर डॉक्टर रेडिएशनचा निर्णयच पुन्हा तपासून पाहतात.

त्यानंतर मात्रेविषयी विचारावे. पूर्वी सुमारे आठ आठवडे चालणारा उपचार आता पुष्कळ ठिकाणी २० बैठकांत ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) असा दिला जातो, तर निवडक रुग्णांना पाचच बैठका पुरतात. दिवस किती हा प्रश्न सगळेच विचारतात. गुदाशयाच्या किती भागाला किती मात्रा जाणार, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जुन्या, रोज २ ग्रेच्या पद्धतीसाठी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनानुसार ७० ग्रे किंवा अधिक मात्रा गुदाशयाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी भागाला मिळावी. कमी बैठकांच्या पद्धतीत हे आकडे बदलतात. प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये जेल भरून अंतर वाढवता येईल का, हेही विचारावे. ओटीपोटातील लसीका गाठींनाही (लिम्फ नोड्स) किरण द्यायचे का, हा निर्णय दोन्ही बाजूंनी तोलावा लागतो: मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील २२४ रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक जोखमीच्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा दिसला, पण लघवीचा उशिराचा त्रासही वाढलेला दिसला.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. जेल भरण्यासाठी किंवा प्रोस्टेटमध्ये सोन्याच्या बारीक खुणा बसवण्यासाठी सुई टोचावी लागते, आणि त्याआधी या गोळ्या काही दिवस थांबवायच्या का, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवावे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा रक्त दिसल्याच्या भीतीने स्वतःहून गोळी बंद करू नये. स्टेंट नवा असेल तर तो गुठळीने बंद पडून जिवावर बेतू शकते, तर जेल आणि खुणा यांची तारीख बहुधा पुढे ढकलता येते.

रेडिएशनसोबत अनेकांना हार्मोनचे, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारे, इंजेक्शन चार-सहा महिने, तर जोखीम जास्त असल्यास दीड ते तीन वर्षे दिले जाते. माझ्या मते हृदयरुग्णाच्या दृष्टीने खरी काळजी इथेच घ्यायला हवी, कारण या औषधांनी साखर, चरबी आणि वजन वाढते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१० मध्येच मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याची सूचना या औषधांच्या माहितीपत्रकात घालायला लावली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्मोन दाबणाऱ्या रेलुगोलिक्स या गोळीवर असलेल्या रुग्णांत हृदयविकार व पक्षाघातासारख्या मोठ्या घटना २.९ टक्के, तर ल्युप्रोलाइड इंजेक्शनवर ६.२ टक्के आढळल्या. पुढच्या वर्षी डेगारेलिक्स या दुसऱ्या इंजेक्शनची ल्युप्रोलाइडशी थेट तुलना झाली, त्यात मात्र असा फरक सिद्ध झाला नाही. म्हणून कोणते औषध आणि किती महिने, हा प्रश्न कर्करोगाच्या आणि हृदयाच्या अशा दोन्ही डॉक्टरांपुढे एकत्र ठेवावा, आणि रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी पहिल्या इंजेक्शनच्या आधी करून घ्यावी.

रोजच्या बैठकीला मूत्राशय भरलेले आणि गुदाशय रिकामा असावा लागतो, म्हणजे आतडे व मूत्राशयाचा बराच भाग किरणांच्या वाटेतून दूर राहतो. साधारणपणे लघवी करून ठरलेले पाणी प्यायचे आणि ठरलेला वेळ थांबायचे, अशी पद्धत असते. ज्याचे हृदय कमकुवत आहे, ज्याला पाणी मोजून प्यायला सांगितले आहे आणि जो सकाळी लघवीची गोळी घेतो, त्याची इथे ओढाताण होते: बाकावर बसल्या बसल्या मूत्राशय दाटून येते आणि नंबर लागायच्या आत उठावे लागते. हे तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी सांगावे. गोळीची वेळ बदलायची का, पाणी किती प्यायचे, हे डॉक्टर ठरवून देऊ शकतात.

उपचार संपून वर्ष-दीड वर्ष झाल्यावर एका सकाळी भांड्यात लाल रेघ दिसते. दुखत काहीच नसते, म्हणून मूळव्याध समजून घरगुती औषध सुरू होते. तसे करू नये. मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो, त्यामुळे दुर्बिणीने तपासणी आवश्यक असते. पण तपासणाऱ्या डॉक्टरांना रेडिएशन कधी आणि किती घेतले हे आधी सांगावे. कारण गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा विनाकारण काढला, तर आधीच रक्तपुरवठा कमी असलेली ती जागा भरून येत नाही आणि मूत्रमार्गापर्यंत भगंदर होण्याचा धोका असतो. किरकोळ रक्तस्राव अनेकदा आपोआप थांबतो. न थांबल्यास सुक्राल्फेटचा एनिमा किंवा आर्गॉन वायूच्या साहाय्याने वाहिन्या बंद करणे असे उपाय आहेत.

लघवीतून रक्त येऊ लागल्यास जंतुसंसर्ग आणि मूत्राशयाची गाठ यांची तपासणी करावी. गुठळ्या पडून लघवी तुंबली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे. हट्टी रक्तस्रावासाठी दाबाच्या कक्षात बसून शुद्ध प्राणवायू घेण्याचा उपचार असतो. त्याच्या ३० ते ४० बैठका लागतात आणि त्याआधी हृदय व फुप्फुसे तपासावी लागतात.

लैंगिक शक्ती कमी होणे हाही रक्तपुरवठ्याशी जोडलेलाच प्रश्न आहे, आणि संकोचाने तो औषधाच्या दुकानापर्यंतच जातो. छातीत दुखते म्हणून नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने, जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसकट, सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही लैंगिक ताठरतेची गोळी घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळतो. ताठरतेची गोळी घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागले, तर सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट देऊ नये, आणि रुग्णालयात पोहोचताच गोळीचे नाव व घेतल्याची वेळ सर्वांत आधी सांगावी.